सव्वा किलोची प्लेट

सोलापुरातल्या जिममध्ये शिरलं की समोर वीस-वीसच्या प्लेटांची चवड दिसते. तिच्या आजूबाजूला दहाच्या, पाचच्या. अडीचच्या एक-दोन जोड्या. सव्वा किलोची प्लेट मात्र शोधावी लागते. जोडीतली एकच उरलेली असते, नाहीतर बाकाखाली गेलेली असते. बशीएवढी ती चकती बारला, म्हणजे वजनाच्या लोखंडी दांड्याला, लावून कुणी फोटो काढत नाही. पण पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत, विक्रमाचा प्रयत्न सोडला तर, वजन वाढवण्याची सर्वांत लहान पायरी अडीच किलोची असते. बारच्या एका टोकाला सव्वा, दुसऱ्या टोकाला सव्वा. ज्या जिममध्ये ही जोडी नाही तिथला पोरगा पाच-पाचच्या प्लेटा लावून पन्नासवरून थेट साठवर जातो, साठवरून सत्तरवर. महिन्याभरात कंबर धरते, आणि दोष जातो डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार सरळ उभं राहीपर्यंत उचलण्याला.

वजन उचलण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज असेच तयार होतात. चूक वाढवण्यात होते आणि नाव उचलण्याचं खराब होतं.

"कशाला करलालास बे हे? गादी सरकली म्हणजे कळंल!" हे वाक्य ऐकलं नाही असा लिफ्टर सोलापुरात सापडणं कठीण. बोलणारा जीव तोडून बोलत असतो, आणि दाखला देतो मार्केट यार्डातल्या हमालांचा: बघ, चाळिशीत कंबर जाते त्यांची. गंमत अशी की याच हमालांचा दाखला दुसरा माणूस नेमका उलट देतो. ते कुठं जिमला जातात, तरी किती ताकद आहे बघ. दोघांचंही निरीक्षण खोटं नाही, पण दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एक समजतात. कांद्याच्या हंगामात पन्नास किलोची गोणी दिवसातून दोनशे वेळा पाठीवर घेतली तर दहा टन होतात. गोणी किती वजनाची असावी हे हमालाच्या हातात नसतं. ती नेहमी एकाच खांद्यावर येते. दमल्यावर पाच मिनिटं बसायची सोय नसते, कारण ट्रक उभा असतो. पाठ दुखली म्हणून दुसऱ्या दिवशी चाळीस किलोची गोणी मिळत नाही. व्यायामात यातली प्रत्येक गोष्ट आपल्या हातात असते: वजन किती, वेळा किती, मध्ये विश्रांती किती, उद्या करायचं की परवा. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच वेळांचे तीन सेट, मध्ये तीन ते पाच मिनिटं थांबून केलेली डेडलिफ्ट आणि यार्डातला दिवस यांची तुलना करणं म्हणजे श्रमाला व्यायाम म्हणणं. हमालाची कंबर जाते ती ओझ्याने, थकव्याने आणि विश्रांती न मिळाल्याने. त्याबद्दल बोलायला हवंच, पण ते कारण पुढे करून विशीतल्या पोराला बारपासून दूर ठेवू नये.

आता खुद्द डेडलिफ्टकडे येऊ, कारण भीती तिचीच सर्वांत जास्त आहे आणि चुकाही तिच्यातच सर्वांत जास्त होतात. पहिली चूक बारला हात लावण्याआधीच झालेली असते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. नवशिका बारला दहा-दहाच्या लोखंडी प्लेटा लावतो, त्यांचा व्यास तीस सेंटिमीटरच्या आसपास असला तर बार पंधरावर येतो. साडेसात सेंटिमीटर खाली. तेवढं खाली वाकताना बहुतेकांचं माकडहाड आत वळतं, कंबरेचा खालचा भाग गोल होतो, आणि त्याच अवस्थेत तो ओढायला लागतो. उपाय साधा आहे. दोन्ही प्लेटांखाली साडेसात सेंटिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे किंवा रबराच्या मॅटच्या घड्या ठेवा आणि पट्टीने मोजून बघा. उंची बरोबर आली की निम्म्या जणांची "माझी पाठ डेडलिफ्टला चालत नाही" ही तक्रार तिथल्या तिथे संपते, असं मी ठामपणे म्हणेन.

मग उभं राहणं. पावलं नितंबांच्या रुंदीइतकी, बार पावलाच्या बरोबर मध्यावर. नडगी आणि बार यांच्यात दोन बोटांचं अंतर. बार न हलवता खाली वाकून तो धरायचा. मग गुडघे पुढे आणून नडगी बारला टेकवायची, छाती वर काढायची. काखेत वही धरली आहे आणि ती पडू द्यायची नाही, असे दंड अंगाशी आवळायचे. पोटात श्वास भरायचा, छातीत नव्हे. त्यानंतर लगेच झटका द्यायचा नाही. आधी बार हलकेच ताणायचा, इतका की प्लेटेच्या भोकात बार वर टेकल्याचा 'टिक' आवाज येईल. तो आवाज आला की पायांनी जमीन खाली ढकलायची. बार सगळा वेळ अंगाला घासत वर आला पाहिजे. तो चार-पाच सेंटिमीटर पुढे गेला तरी कंबरेवरचा ताण झपाट्याने वाढतो, कारण तेच वजन आता लांब दांड्याच्या टोकाला आहे. विहिरीतून भरलेली बादली काढताना ती अंगाजवळ घेतो ना, तेच. नितंब आधी वर उडाले आणि छाती मागे राहिली तर समजावं की वजन जास्त आहे किंवा सुरुवातीला बसलेली जागा खूप खाली होती. एक तळहात आपल्याकडे आणि दुसरा बाहेर अशी उलटसुलट पकड वापरणाऱ्यांनी कोपर पूर्ण सरळ ठेवावं; कोपरात वाकलेल्या हाताने ओढलं की बाहेर वळवलेल्या हाताच्या दंडाची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटू शकते, आणि ती दुखापत कंबरेपेक्षा महाग पडते.

बारचं वजन किती, हाही प्रश्न विचारावा. स्पर्धेचा बार वीस किलोचा असतो, प्लेटा घट्ट धरायला त्याला लागणारे कॉलर प्रत्येकी अडीच किलोचे. गल्लीतल्या जिममधला बार वीसचा असेलच असं नाही. बाराचा असतो, पंधराचा असतो. साध्या वजनकाट्यावर बार घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, एवढंच करायचं असतं. ते न करता "मी शंभर मारतो" म्हणणारा दुसऱ्या जिममध्ये गेला की गडबडतो, आणि दुखापत करून घेतो.

गुडघ्यांबद्दल जरा थोडक्यात. "खाली बसलास तर वाट्या झिजतील" हे आपल्याच लोकांनी म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्याकडच्या आज्या चुलीपुढे उकिडव्या बसून भाकऱ्या थापत आल्या, शेतात खुरपणी उकिडवं बसूनच होते, आणि तालमीतली बैठक तर पार खालपर्यंतच जाते. पॉवरलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन मारलेल्या बैठकीत, मांडी जिथे कमरेला दुमडते ती रेघ गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेली पाहिजे, नाहीतर पंच लाल दिवा देतात. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला तर काही बिघडत नाही. माणूस जिना उतरतो तेव्हाही तो पुढे जातोच. बिघडतं ते टाच उचलली गेल्याने, गुडघे आत कोसळल्याने, आणि धावण्याचे मऊ तळव्याचे बूट घालून वजनाखाली डुलत राहिल्याने. टाच उचलली जात असेल तर टाचेखाली सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा ठेवून बघा. फरक लगेच कळतो. (त्या सापडल्या तर.) आधीपासून सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा लचकत असेल, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

पॉवरलिफ्टिंग म्हणजे ऑलिम्पिकमधलं वेटलिफ्टिंग नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्रांतही गल्लत होते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं ते वेटलिफ्टिंगमध्ये: स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, दोन्हीत बार डोक्यावर. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार, स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन प्रयत्न, तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ चा. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरालिम्पिकमध्ये आहे, पण तिथे फक्त बेंच प्रेस. बर्मिंगहॅममध्येच भारताच्या सुधीरने पॅरा पॉवरलिफ्टिंगचं सुवर्ण २१२ किलोला जिंकलं. पोलिओने पाय अधू झालेला माणूस पाठीवर पडून २१२ किलो ढकलतो, हे ज्याला माहीत आहे त्याला "ताकद म्हणजे धिप्पाड देह" हे वाक्य पुन्हा म्हणवणार नाही.

'मॅक्स काढणं', म्हणजे एकदाच निघेल असं जास्तीत जास्त वजन उचलून बघणं, हा आपल्या जिममधला सर्वांत लाडका आणि सर्वांत नुकसान करणारा प्रकार. सोमवारी बेंचवर मॅक्स, पुढच्या सोमवारी पुन्हा मॅक्स. समजूत अशी की जोर लावल्यानेच जोर वाढतो. सोलापूरकरांना हे समजावायला परदेशी उदाहरण नको. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे मानकरी संक्रांतीच्या सकाळी पहिल्यांदा काठी उचलत नाहीत. सराव कितीतरी आधी सुरू होतो, आणि मिरवणुकीचा दिवस हा त्या सरावाचं दर्शन असतो. लिफ्टरचं तसंच आहे. मॅक्स ही परीक्षा आहे, अभ्यास नव्हे. अभ्यास होतो तो मॅक्सच्या सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांत, जिथे प्रत्येक खेप स्वच्छ निघते आणि सेट संपताना अजून एक-दोन वेळा जमल्या असत्या असं वाटतं. आपला मॅक्स न काढताही तो जवळपास कळतो: उचललेल्या वजनाला जितक्या वेळा उचललं त्या आकड्याने गुणायचं, तिसाने भागायचं, आणि जे येईल ते मूळ वजनात मिळवायचं. ऐंशी किलो पाच वेळा निघाले, तर ऐंशीच्या पाच-तिसांश म्हणजे सुमारे तेरा. मॅक्स त्र्याण्णवच्या आसपास. दहापेक्षा जास्त वेळांचा सेट असेल तर हे गणित फसतं, पाचाच्या आत ते बरं चालतं.

नवशिक्याने पाच वेळांचे तीन सेट धरावेत आणि आठवड्याला अडीच किलो वाढवावेत. तीन महिन्यांत तीस किलो होतात. ऐकायला कमी वाटतं, पण स्नायू आठवड्यांत सुधारतात आणि कंडरांना महिने लागतात. दहा-दहाने उडी मारणाऱ्याचे स्नायू साथ देतात आणि कोपर, खांदा, गुडघ्याखालची कंडरा बोंब मारते. कधीतरी वाढ थांबतेच. दोन आठवडे तेच वजन अडलं तर दहा टक्के उतरवायचं आणि पुन्हा चढायचं. शंभरवर अडकलेला नव्वदवर येतो तेव्हा त्याला कमीपणा वाटतो. नव्वदवर त्याचा बार किती वेगाने वर जातो ते मित्राने मोबाईलवर बाजूने टिपून दाखवावं. स्पर्धेतही हाच हिशेब. पहिला प्रयत्न असा ठेवावा की जो आपण कुठल्याही दिवशी तीन वेळा काढू, साधारण मॅक्सच्या नव्वद टक्के. एकदा पुकारलेलं वजन नंतर कमी करता येत नाही, आणि एकाच प्रकारात तिन्ही प्रयत्न गेले की बेरीजच होत नाही, बाकी कितीही उचललेलं असो. बेंचवर तर अनेकांचं वजन निघतं आणि प्रयत्न जातो, कारण बार छातीवर स्थिर झाल्यावर पंचांनी 'प्रेस' म्हणेपर्यंत थांबायची सवयच नसते. घरच्या जिममध्ये छातीवर आपटून वर आलेले शंभर तिथे नव्वद होतात.

पट्टा. लोक समजतात की पट्टा पाठीला धरून ठेवतो. पट्ट्याचं खरं काम पुढे असतं: पोटात भरलेला श्वास त्याच्यावर दाबला जातो, आतला दाब वाढतो आणि मणक्याला सर्व बाजूंनी टेका मिळतो. म्हणून मागे रुंद आणि पुढे निमुळता पट्टा फारसा कामाचा नाही; चारी बाजूंनी सारखा, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर रुंद आणि तेरा मिलिमीटर जाड असावा. श्वास घ्यायला न शिकता बांधलेला पट्टा नुसताच टोचतो. आधी महिनाभर पट्ट्याविना श्वास शिका. रक्तदाब वाढलेला असेल त्यांनी असा श्वास रोखून जोर लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. हे मी भीती घालायला म्हणत नाही, त्या क्षणी दाब खरोखरच खूप चढतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याचं छप्पर असलेल्या जिममध्ये दुपारी बारला हात लावावासा वाटत नाही. घामाने पकड सुटते. मग काही पोरं हाताला टाल्कम पावडर चोळतात, आणि बार आणखीच निसटतो. हाताला लावायचा तो चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. तो घाम शोषतो. टाल्कम लावतात मांडीला, डेडलिफ्टचा बार घासत वर सरकावा म्हणून. दोन्ही पांढरे, पण कामं उलटी. याच दिवसांत स्पर्धा असली तर वजनगट गाठायला पाणी तोडण्याची टूम निघते. वजन स्पर्धेच्या दोनच तास आधी घेतात. गमावलेलं पाणी तेवढ्यात भरून येत नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ते जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन-तीन स्पर्धा आहे त्या वजनाने खेळाव्यात.

खाण्याबद्दल इथे एक अगदी आपला गैरसमज आहे: शेंगाची चटणी आणि कडक भाकरी म्हणजे प्रोटीनचा खजिना. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रोटीन पंचवीस ग्रॅम असतं हे खरं, पण जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि उष्मांक साडेपाचशेच्या पुढे. चटणी आपण चमचा-दोन चमचे खातो, त्यातून प्रोटीन तीन-चार ग्रॅम. ताकद वाढवणाऱ्याला शरीराच्या किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम लागतं; सत्तर किलोच्या माणसाला एकशे बारा. हे जमवणं अवघड नाही, फक्त मोजावं लागतं. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, तीस ग्रॅम प्रोटीन. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीचं वरण दोन वेळा मिळून, बावीस. अर्धा लिटर दूध, सोळा. चार अंडी, चोवीस. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, बारा. वीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, दहा. झाले एकशे चौदा. अंडी चालत नसतील तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम पनीर. तालमीतल्या खुराकाचं नाव मोठं आहे, पण नुसते बदाम आणि तूप यांनी हा आकडा भरत नाही.

व्हे पावडरला "औषध" म्हणतात तेव्हा घरातल्या पनीरकडे बोट दाखवावं. दूध फाडल्यावर जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवलं की ती पावडर. निरोगी किडनीला तिने काही होत नाही; किडनीचा आजार असेल तर प्रोटीन किती, हे डॉक्टरच ठरवतील. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, रोज तीन ते पाच ग्रॅम घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, कारण शरीरात क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं. तपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर घरात विनाकारण घबराट होते. स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि गोळ्या ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, कधी नीट सुरू होतही नाही. "एकच सायकल मारतो", म्हणजे एकच कोर्स घेतो, म्हणणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला हे कुणीतरी वेळेत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

उंची खुंटते ही समजूत अजूनही शाळकरी मुलांना जिमच्या दारातून परत पाठवते. नीट शिकवणारा माणूस समोर असेल, वजन हलकं असेल तर मुलांची वाढ वजनाने थांबत नाही. हाडांच्या वाढीच्या टोकांना इजा होते ती पडल्याने, आपटल्याने, आणि कुणाचं लक्ष नसताना जास्त वजन घेऊन मस्ती केल्याने.

मुलींना सांगितलं जातं की दंड पुरुषी होतील. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात रौप्य घेताना क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो डोक्यावर धरले, स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटीहून जास्त. तिला रस्त्यात बघितलं तर कुणाला ती लिफ्टर वाटणार नाही. स्नायू फुगवायला लागणारं हार्मोन स्त्रियांत पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. ताकद आधी वाढते ती मज्जातंतू स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून. आणि जिला याची सर्वांत जास्त गरज आहे, ती मुलगी नव्हे, तिची आई. पाळी गेल्यावर हाडं विरळ होऊ लागतात. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाईच्या मांड्यांना आणि नितंबांना ओझंच मिळत नाही, आणि मग साठीत उठताना हात टेकावा लागतो.

तिला बार नको, जिमही नको. एक मजबूत, न सरकणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवायची. हात छातीवर घडी करून बसायचं, उठायचं, पाच वेळा. दोन मिनिटं थांबून पुन्हा पाच, असे तीन सेट, एक दिवस आड. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करायची, जमू लागलं की उशी काढायची. मग ज्वारीच्या पिठाची दोन किलोची पिशवी छातीशी धरून उठायचं. टाचा टेकलेल्या, गुडघे बाहेरच्या बाजूला, उठताना श्वास सोडत. पाचही वेळा सहज निघाल्या की पुढच्या आठवड्यात पिशवीत आणखी एक वाटी पीठ. दोन नाही, एकच.